आठाच्या आत

“पाच,” गिरजा म्हणाली आणि सापळ्याच्या पिशवीचं तोंड तिनं माझ्यापुढे धरलं. “मोजून घ्या, मॅडमबाई. मागून म्हनाल, गिरजीनं खोटं सांगतलं.”

मी मोजले. पाचच होते. तांदळाच्या दाण्याएवढे, मातकट रंगाचे पतंग. दोन अजून फडफडत होते.

“कालचे?”

“सहा. परवाचे पाच. फोनवर सांगतलं होतं ना तुमाले.”

मी वहीत आकडे लिहिले आणि मान वर केली, तर समोर उकंडराव गावंड्यांची कपाशी माझ्या खांद्याला लागलेली. भादव्यातलं ऊन, पानं तेलकट हिरवी, फांद्या कळ्याफुलांनी वाकलेल्या. मला इतका आनंद झाला की मी गिरजाचा हात दाबला. तिनं तो लगेच सोडवून घेतला आणि पिशवीचं रबर पुन्हा बांधायला लागली. वाटलं, लाजली असेल.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीसची होते. शेतकीची पदवी, एका संस्थेच्या प्रकल्पातली पहिली नोकरी, संस्थेचीच खडखडती स्कूटी, आणि लोकांना शहाणं करून सोडण्याची भयंकर घाई. यवतमाळकडच्या सावरढोक नावाच्या गावात मला पाठवलं होतं. काम असं, की कपाशीवरच्या बोंडअळीला गावानं आवर घालायचा, पण डोळे झाकून औषधं मारून नव्हे. आधी कीड किती आहे ते बघायचं, मग ठरवायचं.

त्यासाठी सापळे. सापळा म्हणजे काही अवघड यंत्र नाही. काठीला बांधलेलं प्लास्टिकचं नरसाळं, वर टोपी, खाली लांब पिशवी. टोपीच्या आत रबराची एक गोळी, तिला मादी पतंगाचा वास. नर त्या वासानं येतो आणि घसरून पिशवीत पडतो. रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजले की शेतात कीड किती उठली आहे याचा अंदाज येतो.

गिरजाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत सुटली होती.

“म्हंजे बायकोच्या वासानं येते अन् पिशवीत पडते. असे तं आमच्या गावात लय हायेत, बाई. त्याईले सापळा बी लागत नाई.”

तिचा स्वतःचा नवरा मात्र त्यातला नव्हता. देवमन हा गावाचा फवारणीवाला. स्वतःची शेती नाही, त्यामुळे दरसाल पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पाठीवर पंप आणि दुसऱ्यांच्या धुऱ्यांमधून, बांधाबांधानं फेऱ्या. तोवर गावात रीत अशी होती, की शेजारच्यानं फवारलं की आपणही फवारायचं. कीड असो नसो, आठ दिवसांनी एक हात मारायचाच. दुकानदार देईल ती दोन-तीन औषधं एकाच बादलीत कालवायची आणि काठीनं ढवळायची. मी यायच्या आदल्या वर्षी देवमन असाच उकंडरावांच्या वावरात तोंडातून फेस येऊन पडला. दहा दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण हातांची थरथर काही थांबली नाही आणि ऊन डोळ्यांना सोसवेना. डॉक्टरांनी गिरजाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर आमच्याकडे आणू नका, उपयोग नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा तो दारात बसला होता, डोळ्यांवर हाताची सावली धरून. गिरजानं कोरा चहा दिला. कप त्याच्या हातात नीट राहीना, म्हणून तिनं तो त्याच्या तोंडाला लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला कुठे बघावं कळेना. असं झालं की माणूस काहीतरी मोठं बोलून बसतो. मीही बोलले.

“देवमनभाऊ, यंदा तुम्हाला पंप उचलावा लागणार नाही. माझा शब्द.”

“कवाच नाई?” गिरजानं विचारलं.

“सापळ्यात आठाच्या आत पतंग राहिले, तर कधीच नाही.”

“आठाच्या आत,” ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा, स्वतःशीच, “आठाच्या आत.”

गावाच्या सभेतही मी तेच सांगितलं होतं. सापळ्यामागे सलग तीन दिवस आठ किंवा जास्त पतंग आले, तर साऱ्या गावानं एकदाच, एकच औषध, बरोबर मापात फवारायचं, तेही धडधाकट माणसांनी, तोंडाला मास्क बांधून. आठाच्या आत असतील तर पंपाला हात लावायचा नाही. उकंडराव गावातले मोठे शेतकरी, सभेत त्यांचाच शब्द चाले. त्यांनी बराच वेळ मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “पोरगी चांगलं बोलते. एक साल पाहू.” झालं. उकंडरावांनी मान हलवली म्हणजे गावानं हलवली.

रोजची मोजणी पाच ठरलेल्या सापळ्यांची. ते काम मी गिरजाला दिलं. ती शाळेत गेलेली नव्हती, पण मोजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी तिला बजावून ठेवलं, “एक पाखरूसुद्धा इकडचं तिकडे होता कामा नये हं. सगळं गाव या आकड्यावर चालणार आहे.”

“एक बी नाई होनार,” ती म्हणाली.

भादव्यात पावसानं झड धरली आणि काळ्या रानात स्कूटी जाईना. चिखल चाकाला असा धरायचा की ढकलत परत यावं लागे. मग मी आठवड्यातून दोनदा यायला लागले आणि बाकीच्या दिवशी सकाळी सात वाजता गिरजाचा फोन, पाचांतला सगळ्यात मोठा आकडा सांगायला. “आज सहा.” “आज पाच.” “आज सात, पन येक मेलेला कालचा असन.” मी तालुक्याच्या खोलीत गादीवर बसून आकडे लिहून घ्यायचे आणि संस्थेला कळवायचे. आमचे साहेब खूश. एकदा ते दोन पाहुण्यांना घेऊन आले, सापळ्याशेजारी माझा फोटो काढला. आजूबाजूची गावं तिसरी-चौथी फवारणी करत होती आणि सावरढोकमध्ये एक पंपही निघाला नव्हता. मी शेफारले होते, हे आज सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर भांडले असते.

उकंडरावांनी एकदा वाटेत थांबवलं. हातात न उमललेलं, पाकळ्या गच्च मिटलेलं कपाशीचं फूल होतं.

“ही डोमकळी पाह्यली का, मॅडम? अशा दिसून रायल्या मधामधात. यात अळी असते म्हंतात.”

“थोड्या असतातच, काका. सापळ्यात आठाच्या आत आहेत ना? मग काळजी नको.”

“तुमी बोंडं बी फोडून पाहाता ना? सभेत सांगतलं होतं, दर हप्त्याले वीस बोंडं.”

“पाहते की.”

ते निमूट पुढे गेले. मी त्या बाबतीत त्यांच्याशी काय बोलले हे मला अगदी शब्दाशब्दानं आठवतं, त्याचं कारण पुढे येईल.

देवमन त्या दिवसांत बरा दिसायला लागला होता. एका सकाळी मी गेले तर तो अंगणात बसून बांबूच्या कामट्या सोलत होता. टोपली करणार म्हणाला. बोटं थरथरत होती, पण कामट्या निघत होत्या.

“मॅडमबाई, यंदा पयल्यांदाच मले गणपतीत जेवनाची चव लागली,” तो म्हणाला. “दरसाल तोंडात औषधाचीच चव राह्याची. भाकर बी तशीच लागे.”

गिरजा चुलीपुढे होती. तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. फुंकणीनं चूल फुंकत राहिली.

दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना उकंडरावांचा फोन आला. ते कधीच फोन करत नसत. “या,” एवढंच म्हणाले.

वावराच्या धुऱ्यावर ते उकिडवे बसले होते. पुढ्यात गोणपाट आणि त्यावर हिरव्या बोंडांचा ढीग. मी पोचले तेव्हा त्यांनी एक बोंड उचललं, दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडलं आणि माझ्यापुढे धरलं. बाहेरून बोंड टवटवीत, कुठे डाग नाही. आत पिवळट सडकी सरकी आणि तिच्यात गुलाबी अळी, करंगळीच्या नखाएवढी, सुस्त. त्यांनी दुसरं फोडलं. मग तिसरं.

“वीसातले चवदा,” ते म्हणाले. “शेषरावाच्या वावरात सोळा. त्या तिकडच्या पट्ट्यात मोजाले हिंमत नाई झाली.”

मी वही उघडली. “सापळ्यात तर काल सहाच होते, काका.”

“मंग तुमचा सापळा आंधळा हाये,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात सभा हाये. या.”

ही अळी वाईट अशासाठी, की ती एकदा बोंडात शिरली की वरून कितीही फवारा, तिला थेंबही लागत नाही. वेळ असते ती आधीची, पतंग उडतात आणि अंडी घालतात तेव्हाची. ती वेळ सांगण्यासाठीच तर सापळे होते. मी वावरातून गेले आणि पाचही सापळे पाहिले. गोळ्यांची मुदत संपली नव्हती, तीन आठवड्यांपूर्वी मीच बदललेल्या. नरसाळी साफ. सापळ्यांत काहीच खोट नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं की त्या सापळ्यांपर्यंत माझ्याआधी रोज एकच माणूस पोचतं.

मी गिरजाच्या घरी गेले तेव्हा भर दुपार होती. देवमन नव्हता, कामट्या आणायला नाल्याकडे गेला होता. ती चुलीपाशी बसली होती. माझं तोंड बघून तिनं काही विचारलं नाही. उठली, पिठाचा रिकामा डबा खाली काढला आणि माझ्यापुढे उपडा केला.

पुड्या पडल्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या, अंगाऱ्याच्या बांधतात तशा बारीक, वर सुती दोरा. तीसेक तरी असतील. प्रत्येकीवर कोळशानं ओढलेल्या रेघा, त्या दिवशी निघालेल्या पतंगांएवढ्या.

मी एक सोडली. आत सुकलेले पतंग.

“रोजचे,” ती म्हणाली. “आठाच्या आत ठेवाले जे काढले ते. येक बी टाकला नाई. तुमीच म्हनल्या होत्या, पाखरू इकडचं तिकडे होऊ देऊ नको.”

“गिरजा, अगं काय केलंस हे?”

“तुमीच तं सांगतलं. आठाच्या आत राह्यले तं त्याले पंप उचलाव लागनार नाई. मंग मी आठाच्या आत ठेवले.” ती शांतपणे बोलत होती, पण हात पदराच्या टोकाला पीळ घालत होते. “पयल्या दिवशी अकरा निंघाले, बाई. मी तिथंच खाली बसली. म्हनलं तीन दिवस झाले की सभा भरन, सभा भरली की उकंडराव म्हनन, देवमन, पंप काढ. धडधाकट मानूस पाह्यजे म्हनता तुमी, पन पंप पाठीवर घेनारं मानूस या गावात येकच हाये. त्याले बोलावलं की तो नाई म्हनत नाई. घर उकंडरावाच्या जागेवर हाये आमचं. म्हनलं चार-पाच काढून घेतले तं कोनाचं काय जाते? पाखरंच तं हायेत.”

“दुसऱ्या दिवशी?”

“चवदा. मंग येकोणीस. येकदा तं तीसच्या वर. मले भेव लागलं, पन तवा सांगाव कसं? आधीचं बी सांगाव लागलं असतं.”

मी पुड्यांवरच्या रेघा बघत होते. भादव्यातल्या पहिल्या आठवड्यातच तीन दिवस लागोपाठ आठाच्या वर गेले होते. तेव्हा एक हात मारला असता, एकच, तर पीक हाती लागलं असतं. सापळ्यांनी अगदी वेळेवर सांगितलं होतं. माझं सारं शास्त्र खरं ठरलं होतं आणि ते पिठाच्या डब्यात बांधून ठेवलेलं होतं.

“कोनाले सांगू नका,” गिरजा म्हणाली. “उकंडराव घर उठवन आमचं. गाव दगड मारन. सांगू नका, मॅडमबाई.”

“नाही सांगत.”

मी पुड्या गोळा केल्या आणि चुलीकडे सरकवल्या. “हे घाल चुलीत.”

ती दचकली. “काहून? राहू द्या ना. दडवून ठेवतो मी.”

“कुणाच्या हाती लागलं म्हणजे?”

“कोनाच्या नाई लागत. मोजून ठेवले हायेत, बाई. असे जाळू नका.”

तिनं ऐकलं नसतं, म्हणून मीच एकेक पुडी आत टाकली. कागद भसकन पेटायचा आणि पतंगांचा केस जळल्यासारखा वास यायचा. ती प्रत्येक पुडीकडे बघत होती. शेवटची टाकली तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात सारं गाव होतं. बायका एका बाजूला उभ्या, त्यांच्यात गिरजा. देवमन पायरीखाली, डोळ्यांवर हात. उकंडरावांनी फोडलेली बोंडं मधोमध गोणपाटावर ठेवली होती. लोकांची बोलणी मी लिहीत नाही. त्यांना बोलण्याचा हक्क होता.

मी उभी राहिले. “आता फवारून उपयोग नाही,” मी म्हणाले. “अळी आत गेली आहे. तिला औषध लागणार नाही. किडकी बोंडं तोडून जाळू या. जो कापूस नीट आहे तो लवकर वेचू या.”

“तवा बी फवारू नका म्हनल्या, आता बी फवारू नका,” मागून कोणीतरी म्हणालं. “मंग कराचं काय? आरती?”

उकंडरावांनी हात वर केला, लोक गप्प झाले. “मॅडम, येकच सांगा. सापळे खरे होते का खोटे?”

आजवर मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नाही. खरे होते, असं म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग पतंग गेले कुठे? मी बायकांकडे पाहिलं. गिरजा एक पाऊल पुढे आली होती. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. मी तिला डोळ्यांनीच दटावलं आणि घाईघाईनं बोलून गेले.

“यंदा हवामान वेगळं होतं. वाऱ्यानं वास पसरला नसेल. सापळे कमी पडले.”

“म्हंजे खोटे,” उकंडराव म्हणाले. त्यांनी गोणपाट गुंडाळलं. “झालं बाबा. आपला पयलाच रस्ता बरा होता. उद्यापासून दोन्ही औषधं येकत्र मारू, काही मरन, काही राहीन. देवमन!”

“हो, मालक.”

“सकाळी पंप काढ.”

“हो, मालक,” तो पुन्हा म्हणाला. सवयीनं.

सकाळी मी मास्क, चष्मा, हातमोजे घेऊन गेले. त्यानं सगळं निमूट घातलं. कपाशी त्याच्या डोक्याच्या वर गेली होती. वर फवारलेलं सगळं परत त्याच्याच अंगावर पडत होतं. आश्विनातलं ऊन, वाऱ्याचा पत्ता नाही. अर्ध्या तासात चष्म्यावर वाफ धरली, त्याला पुढचं दिसेना, त्यानं तो धुऱ्यावर काढून ठेवला. मास्कही काढला. “दम कोंडते, मॅडमबाई,” म्हणाला आणि माझी माफी मागितल्यासारखा हसला. मी उकंडरावांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, “तुमचं ऐकून माझं तीस एकर गेलं. आता बोलू नका.” यात एक शब्द खोटा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पडला. उकंडरावांनीच आपल्या जीपमध्ये घालून नेला, त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन. तालुक्याहून जिल्ह्याला. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. ज्या अळीसाठी हे चाललं होतं ती बोंडात सुखरूप होती.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा गिरजा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी तिच्याजवळ बसले. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल, किंवा गळ्यात पडेल. तिनं दोन्ही केलं नाही.

“त्या दिवशी मी बोलनार होती,” ती म्हणाली.

“कुठे?”

“सभेत. तुमी घरून गेल्यावर मी इचार केला. म्हनलं, सापळे खोटे ठरले तं लोक पयल्यासारखेच फवारतीन. अन् फवारतीन तं तोच जाईन. मंग मी केलं कायच्यासाठी? म्हनलं, उभी राह्यतो अन् सांगतो, सापळे खरे हायेत, मीच चोरले. बोंडात गेलेली अळी आता मरत नाई, मॅडमबाई म्हनते ते खरं हाये, तिचं ऐका. घर गेलं असतं, बाई. मार बी खाल्ला असता. मानूस राह्यला असता.”

“मग बोलली का नाहीस गं?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“दाखवाले हातात काय होतं? रिकाम्या हातानं कोन ऐकते आमचं? म्हनले असते, मॅडमनं पढवून पाठवली. पुड्या असत्या तं समोर ठेवल्या असत्या. येक येक मोजून.”

तिला बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. माझं बोलायचं राहिलं, ते आज बोलते. मी गिरजाला वाचवण्यासाठी त्या पुड्या जाळल्या, असं मी साहेबांना सोडून सगळ्यांना सांगितलं. आईला, नवऱ्याला, पुढे एकदा एका मैत्रिणीला. खरं इतकंच, की त्या पुड्या बाहेर आल्या असत्या तर पहिला प्रश्न मला आला असता. पतंग चोरले तर चोरले, मॅडम, पण बोंडं तर कोणी चोरली नव्हती ना? तुम्ही दर आठवड्याला वीस बोंडं फोडत होतात, मग अळी दिसली कशी नाही? मी भादव्यात एकही बोंड फोडलेलं नव्हतं. चिखल होता, गिरजाचा आकडा रोज येत होता, आणि मला तो आवडत होता. बोंडांच्या रकान्यात मी खोलीत बसून शून्य लिहीत होते. चार आठवडे. गिरजाचे पतंग निदान डब्यात होते.

प्रकल्प त्या गावातून उठला. मी दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागून घेतली. सावरढोकनं पुन्हा कधी सापळा लावला नाही, आजूबाजूच्या गावांनीही नाही. “ते करून पाह्यलं, खोटं निंघालं,” असं तिकडे अजून सांगतात.

देवमनच्या तेराव्यानंतरच्या सकाळी, सात वाजता, माझा फोन वाजला. नाव गिरजाचं होतं. मी उचलला.

“आज सव्वीस,” गिरजा म्हणाली.

“काय?”

“पाचही सापळे पाह्यले. सगळ्यात जास्त सव्वीस. लिहून घ्या.”

मी “हो” म्हणाले. फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजता. “आज बावीस.” तिसऱ्या दिवशी, “आज एकतीस.” ती दुसरं एक अक्षर बोलायची नाही. कुणी तिला सांगितलं नव्हतं, मेहनताना बंद झाला होता, सापळे वावरात उभे होते ते फक्त काढायला कोणी गेलं नाही म्हणून. ती मात्र रोज जात होती आणि एकेक पतंग मोजून खरा आकडा मला सांगत होती. मी वही उघडत नव्हते. फक्त “हो” म्हणायचे.

दिवाळी गेली. थंडी पडली. एका सकाळी सात वाजता फोन वाजला, वाजत राहिला, आणि मी तो उचलला नाही.

त्यानंतर तो कधी आला नाही.